अंगणातील वृक्षांची आरोग्यतपासणी : मावळातील घरमालकांसाठी प्रस्तावना

घराच्या आवारातील मोठ्या झाडाचा जोम, त्याचा भक्कमपणा आणि त्यापासून माणसांना व बांधकामाला संभवणारा धोका यांची जाणकाराने केलेली पद्धतशीर पाहणी म्हणजे वृक्षतपासणी. या पाहणीत तीन प्रश्नांची उत्तरे शोधायची असतात. झाड निरोगी आहे का? त्याची मुळे, खोड आणि फांद्या त्याचा भार पेलण्याइतक्या सक्षम आहेत का? आणि झाड किंवा त्याची एखादी फांदी पडलीच, तर कशावर पडेल? हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे आहेत, ते एकत्र केले की निर्णय चुकतात. पानांनी गच्च भरलेल्या झाडाची मुळे कुजलेली असू शकतात. उलट मोठी ढोली पडलेले झाड आणखी कित्येक दशके निर्धोक उभे राहू शकते. झाड तोडण्याला कारण शोधणे हा तपासणीचा हेतू नसतो. जे झाड राखता येईल ते कसे राखावे, हे ठरवण्यासाठी ती करायची असते.

मावळ तालुक्यात या विषयाचे महत्त्व गेल्या काही दशकांत वाढत गेले आहे. परंदवडी हे सोमाटणे, शिरगाव, उर्से आणि बेबडओहोळ या गावांच्या शेजारचे, पवना खोऱ्यातील गाव. जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि द्रुतगती मार्ग या दोहोंच्या जवळिकीमुळे या पट्ट्यात भातखाचरांच्या आणि माळरानांच्या जागी बंगल्यांचे प्लॉट व गृहसंकुले उभी राहिली. जमीन शेतीची असताना बांधावर वाढलेले आंबे, जांभळे, चिंचा आणि उंबर आता कुंपणाच्या आत, घराच्या भिंतीलगत आणि गाड्या लावण्याच्या जागेवर आले आहेत. शेतातल्या झाडाची फांदी मोडली तर नुकसान फांदीपुरते राहत असे. तीच फांदी आता छपरावर, विजेच्या तारांवर किंवा माणसांवर पडू शकते. झाड तेच असले तरी त्याच्या भोवतालचे सगळे बदलले आहे.

हवामानही परीक्षा पाहणारे आहे. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून सुमारे तीस किलोमीटर पूर्वेला, तळेगाव-सोमाटण्याच्या बाजूला, त्याचे प्रमाण बरेच उतरते. तरीही आषाढ-श्रावणात जमीन आठवडेच्या आठवडे भिजलेली राहते. चिंब मातीची मुळांवरची पकड ढिली होते आणि अशा वेळी आलेला जोराचा वारा झाड मुळासकट उपटतो. पावसाळ्याआधीच्या वळवाचे नुकसान वेगळ्या प्रकारचे असते. तेव्हा जमीन कोरडी व घट्ट असल्याने झाड सहसा उन्मळत नाही, पण वावटळीत फांद्या पिळवटून मोडतात. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलेले ‘निसर्ग’ चक्रीवादळ घाट चढून मावळात शिरले, तेव्हा पॉलिहाऊस उद्ध्वस्त झाली आणि झाडेही मोठ्या संख्येने कोसळली. किनाऱ्यापासून दूर आहोत म्हणून वादळाची चिंता नको, हा समज त्या एका दिवसाने खोटा ठरवला.

झाडाची पारख करून मगच त्याला हात लावण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाविषयी सूचना आहेत. रयतेने लेकरासारखी वाढवलेली आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत आणि एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेलेच असेल, तर धन्याची राजीखुशी घेऊन, मोबदला देऊन मगच ते तोडावे, असा त्यांचा आशय आहे. धडधाकट झाड आणि जीर्ण झाड यांतला भेद पाहूनच निर्णय घ्यावा, हे तत्त्व त्यात स्पष्ट दिसते. त्याच्याही आधी वराहमिहिराच्या बृहत्संहितेत आणि सुरपालाच्या नावावरील वृक्षायुर्वेदात झाडांच्या रोगांची लक्षणे व उपचार आलेले आहेत.

आजच्या तपासणीचा पाया मात्र विसाव्या शतकात घातला गेला. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे करवतीने चिरून आतली कूज कशी पसरते हे पाहिले. १९७०च्या दशकात त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा : झाडाची जखम प्राण्याच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड जखमी भागाला चहूबाजूंनी बंदिस्त करते आणि त्याच्या बाहेरून नवे लाकूड वाढवते. खोडात कुजीला वर-खाली जाण्यापासून रोखणारा अडसर सर्वांत कच्चा असतो, म्हणून कूज उभी लवकर पसरते. जखमेनंतर तयार झालेल्या नव्या लाकडाची भिंत सर्वांत पक्की असते. जुन्या वृक्षांच्या ढोलीभोवतीचे कवच टणक राहते ते यामुळेच. पुढे जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे क्लाउस मॅटहेक यांनी झाडाच्या बाह्यरूपावरून आतला दोष ओळखण्याची पद्धत बांधली. जिथे ताण अधिक पडतो तिथे झाड अधिक लाकूड घालते, म्हणून खोडावरचा अनपेक्षित फुगवटा, उभा कंगोरा किंवा वळी आतल्या पोकळीची अथवा चिरेची सूचना देते.

तपासणीला सुरुवात दुरून होते. झाडाच्या उंचीइतक्या अंतरावरून त्याची ठेवण, कल आणि पानांची दाटी पाहिली जाते. शेंड्याकडून सुकत येणाऱ्या डहाळ्या, अवेळी पिवळी पडलेली पाने आणि शेजारच्या त्याच जातीच्या झाडापेक्षा विरळ पालवी ही बहुतेक वेळा मुळांच्या त्रासाची लक्षणे असतात. वाकडे झाड म्हणजे धोक्याचे झाड असे नाही. लहानपणी उजेडाकडे झुकून नंतर शेंडा सरळ वर गेलेले झाड बहुधा स्थिर असते. पण ताठ उभे असलेले झाड अलीकडे कलले असेल आणि कलाच्या विरुद्ध बाजूला जमीन उचलली गेली असेल किंवा तिला भेग पडली असेल, तर ते तातडीने हाताळावे लागते.

त्यानंतर बुंधा आणि त्याच्या भोवतालची जमीन. मावळातील घरांच्या बाबतीत सर्वांत जास्त वेळ इथेच द्यायला हवा, कारण इथल्या झाडांचे सर्वांत मोठे नुकसान किडीने किंवा वाऱ्याने होत नाही, ते बांधकामाच्या काळात होते. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या साठेक सेंटिमीटर थरात असतात आणि ती पानांच्या घेराच्या पलीकडेही पसरतात. भातखाचराची जमीन सखल आणि पाणी धरणारी, म्हणून प्लॉट तयार करताना तिच्यावर मुरमाचा भराव टाकतात. भराव जेसीबीने दाबला की खालच्या मुळांची हवा कोंडते. बुंध्याभोवती दोन-अडीच फूट मुरूम चढला तर नेहमी कोरडी राहणारी साल ओलीत गाडली जाते आणि कुजू लागते. याचा परिणाम लगेच दिसत नाही. झाड साठवलेल्या अन्नावर काही वर्षे हिरवे राहते, मग शेंड्याकडून वाळत येते, आणि तोपर्यंत भरावाचा विसर पडलेला असतो.

निरोगी झाडाचा बुंधा जमिनीशी रुंदावतो आणि मुळांचे फाटे वरून दिसतात. खोड खांबासारखे सरळ जमिनीत शिरत असेल, तर भराव पडला आहे असे समजावे. अशा वेळी जाणकार हलक्या हाताने किंवा दाबाच्या हवेने माती दूर करून मूळ पातळी शोधतो. सिमेंटचे पार, पेव्हर ब्लॉक आणि बुंध्याला घासून घेतलेली कंपाउंड वॉल यांचाही परिणाम असाच होतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. एक मीटर ही किमान जागा झाली. बांधकामाच्या वेळी खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ मोकळे ठेवावे, असे ब्रिटिश मानक सांगते. छातीच्या उंचीवर १५७ सेंटिमीटर घेर असलेल्या आंब्याचा व्यास ५० सेंटिमीटर भरतो. त्याच्या चहूबाजूंना सहा मीटरपर्यंत चर खणू नये, भराव टाकू नये आणि विटा-वाळूचे ढीग रचू नयेत, असा त्याचा अर्थ. पाण्याच्या टाकीसाठी किंवा नळासाठी एका बाजूने खोल चर गेला असेल, तर त्या बाजूची आधारमुळे तुटलेली असण्याची शक्यता अहवालात नोंदवावी लागते.

खोडावर चिरा, डिंकाचा किंवा काळ्या पाण्याचा पाझर, सुटलेली साल, ढोल्या आणि अळंबी पाहतात. लाकडी हातोड्याने ठोकून भरीव आणि पोकळ आवाजातला फरक ऐकतात, सळईने ढोलीची खोली मोजतात. बुंध्याला किंवा खोडाला चिकटलेली कडक, कानाच्या आकाराची अळंबी हे फार महत्त्वाचे लक्षण आहे, कारण ती बाहेर दिसते तेव्हा आतली कूज बरीच पुढे गेलेली असते. सालीवरच्या वाळवीच्या मातीच्या नळ्या पाहून मात्र घाबरून जाऊ नये. ही वाळवी बहुधा वरची मेलेली साल खाते. ती आत पोसली जात असेल तर तिथे आधीच मेलेले लाकूड आहे, एवढे त्यावरून कळते.

शेवटी फांद्या. वाळलेल्या, अडकून राहिलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या नोंदवतात. दोन जाड फांद्या जिथे फुटतात ते बेचके विशेष पाहावे लागते. रुंद बेचके मजबूत असते. अरुंद बेचक्यात दोन्ही फांद्यांची साल मध्ये दाबली जाऊन लाकूड लाकडाला जोडलेच जात नाही, आणि वादळात झाड तिथेच उभे फाटते.

जातीनुसार लक्षणे बदलतात. आंब्याला खोडकिड्याचा उपद्रव असतो. जखमेत किंवा भेगेत घातलेल्या अंड्यांतून निघालेली अळी खोड पोखरते आणि भोकाशी भुसा साचतो. वेळीच पाहिले तर तारेच्या हुकाने अळी काढून झाड वाचते. आंब्यावर बांडगूळही हमखास आढळते. फुलटोच्या पक्षी त्याची चिकट बी फांदीला पुसतो आणि तिथेच ते रुजते. नुसती बांडगुळाची पाने तोडून उपयोग नाही, कारण त्याची मुळी फांदीच्या आत गेलेली असते. चिकटलेल्या जागेच्या बऱ्याच खालून फांदी कापावी लागते. बंगल्यांभोवती हौसेने लावलेला गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याची मुळे उथळ, लाकूड ठिसूळ, आणि बुंधा व मुळे कुजवणारी गॅनोडर्मा बुरशी त्याला सहज लागते. पावसानंतर बुंध्याशी लाखेसारखी चकाकणारी तांबूस-तपकिरी अळंबी दिसली, तर त्याच्या खाली गाडी लावू नये आणि तपासणी लांबवू नये. सुबाभूळ आणि पर्जन्यवृक्ष झपाट्याने वाढतात. पर्जन्यवृक्षाच्या लांब, आडव्या, जड फांद्यांकडे दर वर्षी पाहावे लागते.

नारळाचे सगळेच वेगळे. त्याला वाढीचा एकच कोंब असतो आणि तो मेला की झाड मेले. पंख्यासारखी त्रिकोणी कातरलेली झावळी गेंड्या भुंग्याची खूण आहे. तो शेणखताच्या खड्ड्यात वाढतो, म्हणून खड्डा झाडापासून दूर हवा. त्याने केलेल्या जखमांतून सोंड्या भुंगा शिरतो. खोडातून आंबूस वासाचा तपकिरी पाझर आणि आत कुरतडल्याचा आवाज ही त्याची लक्षणे आहेत. वड-पिंपळ-उंबरांना ढोल्या पडल्या तरी ते दीर्घकाळ तग धरतात. वडाच्या जमिनीत रुजलेल्या पारंब्या त्याचे आधारखांब असतात. आवार स्वच्छ दिसावे म्हणून त्या कापल्या, तर आडव्या फांद्यांचा आधारच जातो.

डोळ्यांनी आणि हातोड्याने केलेली ही पाहणी बहुतेक घरांना पुरते. आंतरराष्ट्रीय वृक्षसंवर्धन संस्थेने, म्हणजे १९२४ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या आयएसएने, तपासणीच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत : धावती पाहणी, एकेका झाडाची सर्व बाजूंनी पाहणी आणि उपकरणांनी केलेली सखोल तपासणी. तिसऱ्या पायरीत ध्वनी-टोमोग्राफ खोडाभोवती लावलेल्या संवेदकांतून ध्वनीचा वेग मोजतो. कुजलेल्या भागाला वळसा घालताना ध्वनीला वेळ लागतो, त्यावरून खोडाच्या छेदाचे चित्र तयार होते. रेझिस्टोग्राफ बारीक सुईने लाकडाचा विरोध नोंदवतो. पोकळ खोडाच्या शाबूत कवचाची जाडी त्रिज्येच्या तीस टक्क्यांहून कमी असेल तर काळजी घ्यावी, असा ठोकताळा वापरतात. मात्र ढोलीचे तोंड केवढे, झाड किती उंच, वारा कुठून येतो हे त्यात धरलेले नाही, म्हणून एवढ्या एका आकड्यावर तोडीचा निर्णय देणे बरोबर नाही. शिवाय ही दोन्ही उपकरणे जमिनीखालची मुळे दाखवत नाहीत.

धोका ठरवताना झाड मोडण्याची शक्यता, ते कशावर तरी पडण्याची शक्यता आणि त्याचे परिणाम या तिन्हींचा एकत्र विचार होतो. आवाराच्या मागच्या कोपऱ्यातला पोकळ उंबर, जिथे कोणी फिरकत नाही, तो कमी धोक्याचा. मुलांच्या झोपाळ्यावर झुकलेली वाळकी फांदी लहान असली तरी अधिक धोक्याची. मावळातील काही बंगले शनिवार-रविवारीच वापरले जातात. तिथे माणसांना असलेला धोका कमी धरता येतो, पण छपराला, तारांना आणि शेजाऱ्याच्या घराला असलेला धोका आठवडाभर तसाच राहतो.

उपायांचा क्रम सौम्यापासून कठोरापर्यंत असावा. झोपाळा, बाक किंवा गाडीची जागा हलवणे हा सर्वांत स्वस्त आणि झाडाला मुळीच इजा न करणारा उपाय. त्यानंतर जमिनीची दुरुस्ती : भराव काढणे, सिमेंट फोडणे, पालापाचोळ्याचे आच्छादन बुंध्याला न टेकवता पसरणे. मग छाटणी. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे फुगीर कडे असते. त्याच्या लगेच बाहेरून कापले तर झाड जखम बंद करू शकते. खोडाला घासून किंवा खुंट ठेवून कापले तर कूज आत शिरते. जड फांदी आधी खालून थोडी कापावी, मग वरून, म्हणजे साल सोलली जात नाही. एका वेळी पालवीचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग काढू नये. पावसाळ्यापूर्वी शेंडे उडवून झाड बोडके करण्याची पद्धत घातक आहे. झाड उपाशी पडते, मोठ्या कापांतून कूज शिरते आणि वर फुटणारे जोमदार धुमारे लाकडाला वरवरच चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांनी वाऱ्यात तेच मोडतात. ढोलीत सिमेंट भरणे आणि कापावर डांबर किंवा ऑइलपेंट फासणे यांनीही कूज थांबत नाही. फळबागेत बोर्डो पेस्ट लावतात ती बुरशीनाशक म्हणून, तिने जखम भरत नाही. कच्च्या बेचक्याला पोलादी दोराचा आधार देता येतो, पण त्याची दर वर्षी पाहणी हवी. तोड हा शेवटचा उपाय.

तपासणीला वर्षातून दोन काळ योग्य आहेत. पाऊस ओसरल्यावर, आश्विन-कार्तिकात, बुरशीची अळंबी ठळक दिसते आणि पावसाने ढिली झालेली मुळे लक्षात येतात. माघ-फाल्गुनात पानगळीच्या झाडांच्या फांद्या उघड्या दिसतात आणि वळवाच्या आत काम उरकायला अवधी मिळतो. मात्र याच दिवसांत ढोल्यांत पिंगळे आणि राखी धनेश यांची वीण सुरू होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार घरट्यांना व अंड्यांना इजा करणे गुन्हा आहे, म्हणून करवत लावण्यापूर्वी ढोली पाहून घ्यावी.

कायद्याची बाजूही ठिकाणानुसार बदलते. तळेगाव दाभाडे आणि लोणावळा या नगर परिषदांच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. तोडीसाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. परंदवडीसारख्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रामुख्याने महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ पाहावा लागतो. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, हिरडा, मोह, ऐन, किंजळ, अंजन, खैर, चंदन आदी सोळा प्रकारची झाडे आहेत आणि ती स्वतःच्या जमिनीत असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. झाड रोगट किंवा धोकादायक असल्याचे लेखी, छायाचित्रांसह दाखवणारा अहवाल अशा अर्जाला बळ देतो. विजेच्या तारांजवळचे काम महावितरणला कळवून, पुरवठा बंद करूनच करायचे असते.

तपासणी कोणाकडून करून घ्यावी, हा कळीचा प्रश्न. भारतात या व्यवसायासाठी सरकारी परवान्याची पद्धत नाही, म्हणून पारख घरमालकालाच करावी लागते. आयएसएची परीक्षा उत्तीर्ण झालेले किंवा वनस्पतिशास्त्र, वनशास्त्र अथवा कृषिशास्त्र शिकून झाडांवर प्रत्यक्ष काम केलेले तज्ज्ञ यासाठी योग्य. सल्ला देणारा आणि लाकूड नेणारा एकच असू नये. लाकडाच्या मोबदल्यात झाड उतरवून देणाऱ्याला झाड वाचण्यात काही लाभ नसतो. तज्ज्ञाने बुंधा न पाहता, हातोडा न लावता खालूनच निकाल दिला, तर दुसरे मत घ्यावे. झाड अनोळखी असेल तर पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र, बुरशी ओळखायची असेल तर आघारकर संशोधन संस्था आणि कीडरोगांसाठी पुण्याचे कृषी महाविद्यालय ही जवळची जाणकार ठिकाणे आहेत.

चांगल्या अहवालात प्रत्येक झाडाचा क्रमांक, जात, घेर, उंची, आवारातील जागा, आढळलेले दोष, छायाचित्रे, धोक्याची पातळी, सुचवलेले काम, त्याची निकड आणि पुढील तपासणीची तारीख असते. आवारातील जुना भराव, चर आणि बांधकाम यांची माहिती घरमालकाने तज्ज्ञाला द्यायची असते, कारण ती झाडावर लिहिलेली नसते. मोठे वादळ झाले, शेजारी खोदकाम झाले किंवा शेजारचे झाड तोडल्याने वारा थेट लागू लागला, तर अहवालाची मुदत संपायची वाट न पाहता पुन्हा पाहणी करावी. घर विकताना हे अहवाल नव्या मालकाकडे सोपवावेत. झाडाचे आयुष्य मालकीपेक्षा मोठे असते, आणि पुढच्या तज्ज्ञाला आजच्या मोजमापांशी तुलना करूनच कल वाढला का, ढोली रुंदावली का, पालवी सुधारली का हे ठरवता येते.